तुम्ही कुणाकडून?

नमस्कार श्रोतेहो.

टेनिसच्या चाहत्याला आवडता खेळाडू विचारा, तो एकच नाव सांगेल. आठवणी विचारल्यात की नावं दोन-दोन येतात. बोर्गबरोबर मॅकेन्रो येतोच, ख्रिस एव्हर्टबरोबर मार्टिना नवरातिलोवा. या दोघी एकमेकींशी ८० सामने खेळल्या. ४३ मार्टिनाने जिंकले, ३७ ख्रिसने. समोर तोलामोलाचं कुणी नसतं, तर त्यांचा खेळ इतका बहरला असता का? मला नाही वाटत.

नौपाड्यातल्या आमच्या चाळीत जोडी होती बेकर आणि एडबर्गची. १९८८, ८९, ९० अशी लागोपाठ तीन वर्षं विम्बल्डनची फायनल या दोघांतच झाली. बाहेर जुलैचा पाऊस, वाऱ्याने अँटेना हलली की पडद्यावर मुंग्या, मग कुणीतरी छत्री घेऊन गच्चीवर, आणि तिथून ओरडून विचारणं, "आता दिसतंय का?" वडील एडबर्गकडून, शेजारचे काका बेकरकडून. काकांना बेकरचं चेंडूवर अंग झोकून देणं आवडायचं. वडिलांचा जीव एडबर्गच्या एकहाती बॅकहँडवर आणि सर्व्हिसमागोमाग त्याच्या नेटकडे धावण्यावर.

१९९० साली एडबर्गने पहिले दोन सेट ६-२, ६-२ घेतले. पुढचे दोन्ही बेकरने ६-३ असे परत घेतले. पाचव्यात बेकर ३-१ ने पुढे गेला तेव्हा वडील उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच स्कोअर विचारत राहिले. तो सेट एडबर्गने ६-४ असा काढला. पहिलं अभिनंदन केलं ते काकांनी.

आणि याना नोवोत्ना! १९९३ साली विम्बल्डनच्या फायनलला स्टेफी ग्राफविरुद्ध शेवटच्या सेटमध्ये ती ४-१ पुढे होती. तिथून सामना निसटला. बक्षीस घेताना ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. ज्यांना पंधरा-तीस-चाळीसचा हिशोब कधी कळला नाही, त्या आमच्या काकूंनीही पदर डोळ्यांना लावला होता. १९९८ साली नोवोत्ना जिंकली, तेव्हा काकूंना वाटलं, आपलीच लेक जिंकली. २०१७ मध्ये अवघ्या ४९व्या वर्षी ती गेली. स्टेफीची २२ ग्रँड स्लॅम विजेतेपदं मला तोंडपाठ आहेत, पण त्या दिवसाचा विषय निघाला की आधी यानाच आठवते.

फेडरर-नदालबद्दल काय सांगू! २००८ ची त्यांची ती विम्बल्डन फायनल संपली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे पावणेदोन झाले होते. पुढे २०२२ मध्ये फेडररने निरोप घेतला, तेव्हा शेजारी बसलेला नदालही ढसाढसा रडत होता.

आता घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये अल्काराझ आणि सिनरवरून तसेच तट पडतात. माझी भाची सिनरकडून. २०२५ च्या फ्रेंच ओपन फायनलमध्ये सिनरच्या हातात तीन मॅच पॉइंट होते, म्हणजे त्यातला एक जरी घेतला असता तरी सामना त्याचा. अल्काराझने तिन्ही वाचवले आणि ५ तास २९ मिनिटांनी सामना जिंकला. मध्यरात्र उलटून गेली होती, पोरगी कुणाशी बोलेना. पाचच आठवड्यांनी विम्बल्डनची फायनल, पुन्हा हेच दोघे. तिने पहिल्या चेंडूपासून सामना पाहिला, आणि या वेळी सिनर जिंकला.

श्रोतेहो, तुमच्या घरात कोण कुणाकडून होतं, ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.