वाऱ्याच्या हवाली मसाई मारा

श्रोतेहो, नमस्कार.

केनियातील मसाई मारा या अभयारण्यावरून गरम हवेच्या फुग्यात बसून पहाटेची फेरी मारता येते, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या सहलींच्या पत्रकांतही अलीकडे त्याचा उल्लेख असतो आणि फुग्यातून सिंह-हत्ती अधिक जवळून दिसतील, असा त्या पत्रकांचा एकंदर सूर असतो. जवळून प्राणी पाहायचे असतील तर जीपच बरी, हे मी आरंभीच सांगून ठेवतो. फुग्यातून दिसते ती साऱ्या रानाची मांडणी, म्हणजे कोण कोठून आले, कोण कोणाच्या मागे चालले आहे आणि कोणी कोणाला टाळले. ही मांडणी पाहण्यासाठी जो वर जाईल त्याचे पैसे सार्थकी लागतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

फुग्याचे तंत्र आपण शाळेत शिकलो आहोत. तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते, एवढेच ते तत्त्व. कापडी फुग्याच्या तोंडाशी प्रोपेन वायूचा बर्नर असतो, तो पेटवला की फुगा चढतो, हवा निवू दिली की उतरतो, आणि शेंड्याशी असलेली झडप दोरीने उघडली की भराभर उतरतो. फुग्याला सुकाणू मात्र नसते. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहत असतो, म्हणून वैमानिक वर-खाली होऊन आपल्याला हवा तो वारा शोधतो. उड्डाण पहाटेच का, याचेही कारण साधे आहे. रात्रभर जमीन निवालेली असल्याने हवा स्थिर असते. ऊन तापू लागले की जमिनीवरून गरम हवेचे झोत उठतात आणि फुगा उतरवणे धोक्याचे होते. श्रोतेहो, एवढे लक्षात ठेवा की उंची वैमानिकाच्या हाती असते आणि दिशा वाऱ्याच्या. पुढे जो प्रसंग मी सांगणार आहे, तो याच एका गोष्टीवर उभा आहे.

पूर्व आफ्रिकेत या उड्डाणांची सुरुवात अ‍ॅलन रूट या वन्यजीव-चित्रपटकाराने केली. 1974 साली त्याने पत्नी जोन हिच्यासह फुग्यातून किलिमांजारो ओलांडला आणि 1976 साली मारातील कीकोरोक लॉजपाशी पर्यटकांसाठी उड्डाणे सुरू झाली. आज मारात अशा अनेक कंपन्या आहेत.

आता तो प्रसंग. आमच्या फुग्याखालच्या टोपलीत साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. वय सत्तरीच्या पुढे, अंगात सलवार-कमीज, वर जाड स्वेटर आणि कानटोपी. आयुष्यभर भूगोल शिकवलेला, त्यामुळे आम्ही सगळेच त्यांना बाई म्हणत होतो. विषुववृत्त इतके जवळ असूनही मारातली पहाट चांगलीच गार असते, कारण तो प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे, हे बाईंनीच जीपमध्ये सर्वांना सांगितले. मैदानावर पोहोचलो तेव्हा काळोख होता. वैमानिकाने दिवा बांधलेला एक छोटा फुगा आकाशात सोडला आणि तो दिवा कोणत्या उंचीवर कोणीकडे वळतो हे तो मान वर करून बराच वेळ पाहत राहिला. मग मोठा फुगा पंख्यांनी भरला, बर्नर पेटले, आणि आडव्या ठेवलेल्या वेताच्या टोपलीत पाठीवर पडून राहिलेले आम्ही सर्वजण टोपलीबरोबरच उभे झालो.

वर गेल्यावर पहिली जाणवते ती वाऱ्याची अनुपस्थिती. फुगा वाऱ्याबरोबरच चाललेला असल्याने अंगाला झुळूकही लागत नाही. बर्नर बंद असला की खालचे सारे ऐकू येते. मारा नदीवरून पाणघोड्यांचे घोरणे ऐकू आले, आणि त्यापलीकडून एक सलग, खर्जातला आवाज येऊ लागला, पहिल्या मोठ्या पावसानंतर भातखाचरांतून बेडकांचा उठावा तसा. ते विल्डबीस्ट होते, म्हणजे कळपाने फिरणारी, गाईसारखी दिसणारी मोठी आफ्रिकी हरणे. दर वर्षी शेजारच्या टांझानियातील सेरेंगेटीच्या बाजूने दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट गवताच्या मागे फिरत असतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात त्यांतले बरेच मारात येतात. आमच्या पुढे, दूरवर, त्यांची एक लांबच लांब रांग एकामागून एक अशी चालली होती.

इतर प्रवासी मोबाईल उंचावून उभे होते. (वर गेल्यावर पहिली पंधरा मिनिटे मोबाईल खिशातच ठेवावा, असा माझा आग्रह आहे, चौकटीतून पाहणाऱ्याला चौकटीबाहेरचे दिसत नाही.) बाई मात्र टोपलीच्या कडेला दोन्ही हात टेकून नुसत्या पाहत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी वैमानिकाला विचारले, "जमीन तर सपाट दिसते आहे, मग ही रांग तिथे वाकली का आहे?" आम्ही पाहिले तर खरोखरच, सरळ चाललेली ती रांग एका ठिकाणी बाहेरच्या बाजूला वळत होती आणि मोठा बाक घेऊन पुन्हा आपल्या वाटेला लागत होती. त्या बाकाच्या आत ना ओढा होता, ना खडक. उंच पिवळे गवत होते आणि हिंगणबेटाचे एक एकटे झाड होते. आपल्या माणदेशासारख्या कोरड्या भागांत हिंगणबेट ओळखीचे आहे, आणि मारातली ती एकटी-दुकटी झाडे बहुतेक त्याच जातकुळीची असतात.

वैमानिक हसला, पण उत्तर न देता त्याने बर्नरचा एक मोठा झोत देऊन ठेवला आणि मग हात काढून घेतला. झोत दिल्यावर फुगा चढायला काही सेकंद लागतात, त्यामुळे जे करायचे ते आधीच करून ठेवावे लागते. जिथे आवाज करायचा नव्हता तिथे तो करावा लागू नये, म्हणून त्याने ही तजवीज केली होती. आम्ही आवाज न करता त्या गवतावर आलो. झाडाच्या बुंध्यापासून थोड्या अंतरावर दोन सिंहिणी पोट जमिनीला टेकवून पडल्या होत्या आणि तिसरी त्यांच्या बरीच डावीकडे होती. कान मागे घेतलेले, तोंडे रांगेकडे. त्यांच्या शेपटीच्या गोंड्यांची हालचालही आम्हांला वरून दिसत होती. पलीकडच्या वाटेवर दोन जीप उभ्या होत्या आणि त्यांतले प्रवासी विल्डबीस्टांची छायाचित्रे काढत होते. उंच गवतामुळे सिंहिणी त्यांना दिसणे शक्यच नव्हते.

पण विल्डबीस्टांना तरी त्या कशा दिसल्या, असे मी विचारले. त्यावर बाई जे बोलल्या ते मी आजवर अनेकांना सांगितले आहे. त्या म्हणाल्या, "दिसल्या नाहीत, वास आला. आपण सिंहिणींवरून निघालो आणि सरळ रांगेकडे चाललो आहोत की नाही? मग ज्या वाऱ्याने आपल्याला आणले, त्याच वाऱ्याने त्यांचा वास रांगेकडे नेला." वैमानिकाला हे इंग्रजीत सांगितले तेव्हा त्याने बाईंना हात जोडून नमस्कार केला. सिंहिणींनी चुकीची बाजू धरली होती, आणि रांगेच्या तोंडाशी असलेल्या विल्डबीस्टांनी वळण घेतल्यावर मागचे सारे त्याच खुरांवर खूर ठेवत गेले होते. मागच्या शेकडो प्राण्यांना आपण कशाला वळसा घालत आहोत हे कदाचित ठाऊकही नसावे.

पुढे काय झाले, तिसरी सिंहीण कळपाच्या दुसऱ्या अंगाला पोहोचली की नाही, हे आम्हांला कळले नाही. जीप थांबवता येते, फुगा थांबत नाही. रांगेवर येण्याच्या बऱ्याच आधी वैमानिकाने आम्हांला उंच नेले, कारण बर्नरच्या आवाजाने कळप उधळतो. फुगा अजून खाली घ्या, अजून खाली घ्या, असा हट्ट धरणारे प्रवासी असतात. कळपावर असताना तो कोणीही धरू नये आणि वैमानिकाने मानू नये. बाईंना मी नंतर विचारले, की हे इतके झटकन कसे सुचले? त्या म्हणाल्या, "मी मुलांना दर वर्षी अजिंक्यताऱ्यावर नेऊन गाव वाचायला शिकवत होते." भूगोलाचा निदान एक तास तरी गडावर झालाच पाहिजे, हे माझे जुने म्हणणे आहे.

उतरताना टोपली जमिनीवर थोडी फरफटते आणि कधी आडवीही होते. वैमानिक सांगेल तेव्हा खाली बसावे, पाठ टोपलीच्या भिंतीला टेकवावी, आतील दोर घट्ट धरावे आणि टोपली पूर्ण थांबेपर्यंत उठू नये. पुन्हा सांगतो, तो सांगेपर्यंत उठू नये. गरोदर स्त्रियांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि पाठीचा किंवा गुडघ्याचा आजार असलेल्यांनी हे उड्डाण टाळावे. उतरल्यावर माळावर शँपेनसह न्याहारी देतात. ती फ्रान्समधून आलेली जुनी प्रथा आहे. सुमारे तासाभराच्या या उड्डाणाला माणशी साडेचारशे-पाचशे डॉलर पडतात, तेव्हा वारा अनुकूल नसल्यास पैसे परत मिळतात का, हे आरक्षण करतानाच लेखी विचारून घ्यावे. आणि वैमानिक वाऱ्यामुळे उड्डाण रद्द करतो म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये.

शेवटची एक सूचना. बहुतेक सहलींत फुग्याची फेरी पहिल्याच पहाटे ठेवलेली असते, ती बदलून मागावी. आधी एक-दोन दिवस जीपमधून फिरून विल्डबीस्ट कसे चालतात, सिंह कसे दबून बसतात, पाणघोडे नदीतून चरायला कोणत्या वाटेने जातात, हे जवळून पाहून घ्यावे आणि मगच वर जावे. म्हणजे रांग वाकलेली दिसली की ती का वाकली, हे विचारावेसे वाटेल. नमस्कार.