कामाची तलफ

(पडद्यावर: उलटा ठेवलेला फोन, शेजारी एक हात)

या हाताकडे बघा. सुट्टी आहे, फोन वाजलेला नाही, तरी बोटं सारखी तिकडंच जातायत, उचलायचा, ऑफिसचा मेल आलाय का बघायचं, परत ठेवायचा. हीच चुळबुळ दारू सोडलेल्या माणसात दिसली की घरचे लगेच ओळखतात, इथं मात्र तिला मेहनत म्हणतात आणि वर प्रमोशन पण देतात!

बरं हे काही आजकालचं खूळ नाही. १९१९ मध्ये, लॅपटॉपचा पत्ताही नव्हता तेव्हा, शांडोर फेरेंझी या हंगेरियन मनोविश्लेषकाने लिहून ठेवलंय की काही पेशंट आठवडाभर ठणठणीत असतात आणि नेमकं रविवारी त्यांचं डोकं दुखतं, पोट बिघडतं.

(इनबॉक्सचा क्लोजअप, बोट स्क्रीन खाली ओढतंय)

आता हे बोट. खाली ओढलं, काही नाही. परत ओढलं, काही नाही. तिसऱ्यांदा बॉसचा "मस्त काम" असा मेल. जुगाराचं मशीन असंच चालतं, बक्षीस कधी येईल ते माहीत नसतं म्हणून तर माणूस उठत नाही, आणि अनपेक्षित बक्षीस मिळालं की मेंदूत डोपामीन नावाचं रसायन उसळतं. पण खरी गोम पुढं आहे. सुरुवातीला काम आवडतं म्हणून केलेलं असतं, नंतर नंतर ते नाही केलं तर जीव कासावीस होतो म्हणून केलं जातं, म्हणजे मजा केव्हाच संपलेली असते आणि काम फक्त ती बेचैनी दाबायला उरतं.

(रात्रीची इमारत, दोन खिडक्यांत दिवे)

दोघंही उशिरापर्यंत बसलेत. एकजण घरी गेला की काम विसरतो, दुसऱ्याच्या डोक्यात ते ताटावर बसल्यावरही चालूच. घड्याळ बघून यातला कोण अडकलाय ते कळत नाही.

२०१२ मध्ये नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या सेसिली अँड्रियासेन आणि सहकाऱ्यांनी ७ प्रश्नांची एक चाचणी तयार केली, सगळे प्रश्न व्यसनाच्या लक्षणांवरून बेतलेले. ठरवल्यापेक्षा बराच जास्त वेळ काम होतं का, अपराधीपणा किंवा चिंता घालवायला काम करता का, काम करू दिलं नाही की ताण येतो का, लोकांनी काम कमी करा सांगूनही ऐकत नाही का, वगैरे. किमान ४ प्रश्नांना "बऱ्याचदा" किंवा "नेहमी" आलं तर प्रकरण गंभीर धरायचं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या मानसिक आजारांच्या यादीत जुगार व्यसन म्हणून आहे, काम नाही, तज्ज्ञांत अजून वाद आहे. आम्हाला विचाराल तर या हाताला यादीशी काही देणंघेणं नाही.

तब्येत, झोप, संसार, सगळ्याला फटका बसू शकतो.

(गोल मांडलेल्या खुर्च्या)

१९८३ पासून वर्कहोलिक्स ॲनॉनिमस नावाचे, कामाचं व्यसन लागलेल्यांचे गट आहेत, दारू सोडणाऱ्यांच्या गटांतल्या १२ पायऱ्यांच्या कार्यक्रमावरच चालणारे. अडचण एवढीच की दारू कायमची सोडता येते, काम सोडून पोट कसं भरणार? म्हणून इथं प्रत्येकजण आपली रेघ आपणच आखतो, किती वाजता थांबायचं, कुठल्या दिवशी मेल उघडायचा नाही, आणि ती मोडली तर बैठकीत सगळ्यांसमोर सांगता येतं.