सळईच्या पोटातले तडे

मित्रहो, कोल्ड एक्स्ट्रूजनमधून, म्हणजे सळई न तापवता डाय नावाच्या निमुळत्या साच्यातून दाबून, निघालेला एखादा शाफ्ट (गोल दांडा) हातात घेतला, तर तो निर्दोष दिसतो. पृष्ठभाग चकचकीत, माप काटेकोर, कुठे ओरखडा नाही. तोच शाफ्ट अक्षावरून उभा चिरला, तर कधीकधी मधोमध बाणाच्या टोकासारखे तडे दिसतात. ठरावीक अंतरावर, एकामागे एक, सगळ्यांची टोके एकाच दिशेला. यांना शेव्हरॉन तडे किंवा सेंट्रल बर्स्ट म्हणतात. एरवीचा दोष निदान डोळ्यांना दिसतो. हा दिसत नाही आणि भाग गाडीत बसल्यावर भार येईपर्यंत कळतही नाही. म्हणून या दोषाचा बंदोबस्त डायच्या ड्रॉइंगवरच व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

तडा सापडला की पहिला संशय पोलादावर जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. खरे मूळ बहुतेक वेळा डायचा कोन (डाय किती झपाट्याने निमुळती होते तो) आणि रिडक्शन (सळईच्या छेदाच्या क्षेत्रफळातली घट) यांच्या जोडीत असते. ‘रिडक्शन हलके ठेवले की धोका कमी’ हा समज तर इथे थेट उलटा पडतो.

का, ते पाहू. डायचा कोन मोठा आणि रिडक्शन कमी असेल, तर डाय धातूला फारच थोड्या लांबीवर स्पर्श करते. बाहेरचे थर दाबले जातात, लांबतात. पण तो आकारबदल गाभ्यापर्यंत नीट पोचत नाही. लांबणारे बाहेरचे थर मागे राहिलेल्या गाभ्याला ओढतात. सगळीकडे दाब आहे असे वाटणाऱ्या प्रक्रियेत नेमका अक्षावर ताण निर्माण होतो. गाभा फाटला की ताण सुटतो, सळई पुढे सरकते, ताण पुन्हा साठतो, पुन्हा फाटते. तडे ठरावीक अंतरावर पडतात ते यामुळे.

आता आकडे घ्या. 30 मिमीची सळई 28 मिमीवर आणायची आहे. क्षेत्रफळातले रिडक्शन सुमारे 13 टक्के. डायचा पूर्ण कोन 60 अंश असेल, तर स्पर्शाची लांबी भरते फक्त 2 मिमी. सरासरी व्यास 29 मिमी, म्हणजे व्यास स्पर्शलांबीच्या साडेचौदा पट. हे गुणोत्तर जितके मोठे, तितका गाभा धोक्यात. कोन 30 अंशांवर आणला, तर ते साडेसातवर उतरते. तीच सळई 30 अंशांच्या डायमधून 25 मिमीवर नेली, म्हणजे रिडक्शन 31 टक्क्यांच्या आसपास गेले, तर गुणोत्तर तीनच्या आत येते. काम जड झाले, पण गाभा सुरक्षित झाला! कोन आणि रिडक्शन यांचे सुरक्षित क्षेत्र कुठले, याचे गणिती विश्लेषण बेत्झालेल अवित्झूर यांनी 1968 मध्ये मांडले. त्याच वर्षी कॉकक्रॉफ्ट आणि लॅथम यांनी धातू कधी फाटेल याचा निकष दिला. आजची सिम्युलेशन सॉफ्टवेअर तो सर्रास वापरतात, तेव्हा डाय कापण्याआधी तपासणी न करण्याला सबब उरत नाही.

अर्थात कोन हवा तेवढा कमी करता येत नाही. कोन कमी झाला की घर्षणाचे क्षेत्र वाढते, सळई ढकलणाऱ्या पंचावरचा भार वाढतो. रिडक्शनही मनमानी वाढवता येत नाही. उघड्या एक्स्ट्रूजनमध्ये, म्हणजे डायबाहेर सळईला बाजूने आधार नसताना, ते साधारण 25 ते 30 टक्क्यांपुढे गेले, तर सळई डायमध्ये शिरण्याऐवजी बाहेरच फुगते. तिथे कंटेनरमध्ये बंदिस्त एक्स्ट्रूजन करावे.

सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती अनेक पायऱ्यांच्या, म्हणजे टप्प्याटप्प्याने व्यास कमी केलेल्या, शाफ्टमध्ये. पहिल्या पायरीत धातू कडक झालेला असतो, त्याची पुढे आणखी कडक होण्याची क्षमता आणि न फाटता ताणले जाण्याची क्षमता दोन्ही घटलेल्या असतात. अशा मालावर दुसरी पायरी हलकी ठेवणे म्हणजे तड्याला आमंत्रणच. शक्य असेल तर दोन हलक्या पायऱ्यांची एक भारी पायरी करा, किंवा मध्ये अॅनिलिंग (तापवून धातू पुन्हा मऊ करणे) घ्या.

पोलादाची भूमिका इथे येते. मध्यभागी सेग्रिगेशन (घटकांचे असमान साचणे) असेल, मँगनीज सल्फाइड या अशुद्ध कणांच्या रेघा असतील, तर तडा तिथूनच सुरू होतो. स्फेरॉइडाइझिंग अॅनिलिंगने, म्हणजे पोलादातले कठीण कार्बाइड गोल कणांत आणून ते मऊ केल्याने, फरक पडतो. कोन-रिडक्शनची जोडी सीमेवर असेल, तर एका हीटचा (एका वेळी वितळवलेल्या पोलादाचा) माल बिनतक्रार निघतो आणि पुढच्या हीटचे काही नग फाटतात. लोक मग पुरवठादाराला दोष देतात, डाय मात्र तशीच राहते. सळईवरचा फॉस्फेट आणि साबणाचा वंगण थरही नीट हवा, कारण वाढलेले घर्षण धोका वाढवते.

आतले तडे ध्वनिलहरींनी शोधणारी अल्ट्रासॉनिक तपासणी जरूर करा. शिवाय नवी हीट लावली, डाय बदलली किंवा पुन्हा पॉलिश केली, की पहिल्या नगांपैकी काही उभे चिरून पाहा. चिरताना सर्वांत कमी रिडक्शनची पायरी निवडा आणि चीर नेमकी अक्षावरून जाऊ द्या. ती बाजूला सरकली, तर बारीक तडा हुकतो.