निरोगी मेंदूवर शोधलेली औषधं

मी एपिलेप्सीच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराच्या रिसर्चमधे आले तेव्हा डोक्यातलं चित्र अगदी सरळ होतं, मेंदूतल्या रसायनांपैकी ग्लुटामेट म्हणजे ॲक्सिलरेटर, गाबा म्हणजे ब्रेक, ब्रेक कमी पडला की फिट येते, मग ब्रेक वाढवणारं औषध द्यायचं, झालं. हे चित्र मोडलं ते एका कापामुळे.

काप म्हणजे उंदराच्या मेंदूची पातळ चकती, त्यात हिप्पोकॅम्पस हा आठवणींशी जोडलेला भाग आणि त्याला लागून असलेला कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा भाग, जाडी साधारण 400 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर पण नाही. ऑक्सिजन सोडलेल्या क्षारांच्या पाण्यात ठेवला की काही तास जिवंत राहतो. आता त्या पाण्यातलं मॅग्नेशियम काढून टाकायचं. पेशीवर ग्लुटामेटचा निरोप घेणारं एक दार असतं, एनएमडीए रिसेप्टर, मॅग्नेशियम त्याच्या तोंडात बुचासारखं बसलेलं असतं, बूच निघालं की पेशींची वीज दाखवणारी स्क्रीनवरची शांत रेघ आधी एखाददुसरी उसळी मारते, मग उसळ्या दाट होत जातात, मग सगळी स्क्रीन भरून जाते, आणि अचानक सपाट. जरा दम खाऊन परत तेच. ना शरीर ना चेहरा, पण चाल फिटचीच. ह्या टप्प्यावर नेहमीची औषधं लागू पडतात. पण औषध न देता तास-दोन तास जाऊ दिले तर नमुनाच बदलतो, छोट्या उसळ्या न थांबता चालू राहतात, आणि मग तीच औषधं दिली तरी दाद नाही! काप तोच, पाणी तेच, मधल्या वेळात पेशीच बदलल्या.

माणसातही असं होतं. फिट लांबली की पेशीच्या पृष्ठभागावरचे गाबा रिसेप्टर आत ओढले जातात, आणि फिट थांबवायला देतात ते डायझेपाम काम करतं ते नेमकं त्यांच्यावरच. म्हणून मोठी फिट 5 मिनिटांच्या वर गेली तर ‘थांबेल आपोआप’ म्हणून बसू नका, हे मी जिथे जाईन तिथे सांगते.

आता मागे जाऊन बघा, आपण औषधं शोधली कशी. 1930 च्या दशकात मेरिट आणि पुटनम ह्यांनी मांजरांना विजेचा शॉक देऊन फिट आणली आणि कुठलं रसायन ती अडवतं ते तपासलं, त्यातून फेनिटोइन हे औषध मिळालं. फार मोठं काम होतं ते, पेशंटला दिवसभर गुंगीत न ठेवता फिट रोखता येते हे त्यातून कळलं. पण मांजर निरोगी होतं. पुढची कित्येक वर्षं आपण निरोगी प्राण्यात फिट आणत राहिलो आणि ती अडवणारी औषधं निवडत राहिलो. लेव्हेटिरासेटम हे फिटचं औषध ह्या चाळणीत जवळजवळ हरवलंच होतं, निरोगी उंदराच्या शॉक टेस्टमधे ते फेल, पण ज्या प्राण्यांचा मेंदू आधीच फिटच्या वाटेला लागलाय त्यांच्यात मस्त चालतं. 1999 ला अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि ते एसव्ही2ए नावाच्या प्रोटीनला चिकटतं हे सापडलं 2004 ला, म्हणजे पेशंट आधी घेत होते आणि आम्हाला नंतर कळलं!

ब्रेकचं म्हणाल तर ड्रॅव्हे सिंड्रोम बघा. तान्ह्या बाळात सुरू होणारा हा आजार, बहुतेकांत एससीएन1ए जीनमधे बिघाड असतो, आणि त्याचा फटका बसतो सोडियम चॅनेलला, म्हणजे पेशीत वीज उठवणाऱ्या दारांना, तोही मुख्यतः ब्रेक लावणाऱ्या पेशींमधल्या. मग सोडियम चॅनेल दाबणारं कार्बामाझेपिन हे फिटचं औषध दिलं तर उरलासुरला ब्रेकही जातो आणि फिट्स वाढतात. औषध वाईट नाहीये, त्या बाळाचा मेंदू वेगळा आहे.

औषधं इतकी आली तरी साधारण एक तृतीयांश पेशंटच्या फिट्स थांबत नाहीत, हे मला आजही झोपू देत नाही. आणि जी लागू पडतात तीसुद्धा फिट दाबतात, आजार तिथेच राहतो. डोक्याला जबर मार लागला की पहिली फिट यायला कधी महिने, कधी वर्षं जातात. त्या काळात फेनिटोइन देऊन बघितलंय, 1990 ला निकाल आला, पहिल्या आठवड्यातल्या फिट्स कमी झाल्या, पुढच्या नाहीत. माझं काम आता ह्या मधल्या शांत काळावरच आहे, माणूस घरी गेलेला असतो, चालतो बोलतो, सगळं ठीक दिसतं, आणि आत मेंदूची वायरिंग बदलत असते, ती आम्ही आठवडेच्या आठवडे रेकॉर्ड करत बसतो.