हाडाला हात लावण्याआधी रक्ताची चौकशी

(परिचारिका दिनानिमित्त १२ मे रोजी परभणीत नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि आशाताईंसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मुलींनो, आशाताईंनो, आणि मागं दाराशी उभे असलेले ब्रदर लोक, पुढं खुर्च्या रिकाम्या आहेत, या.

मला विषय दिलाय ‘रक्तविकार आणि अस्थिभंगाच्या रुग्णांची शुश्रूषा’. पत्रिकेवर हे दोन विषय दिसतात. दवाखान्यातही तसंच, रक्ताचे रुग्ण मेडिसिनला, हाडाचे ऑर्थोला. माझं म्हणणं असं की हा एकच विषय आहे. रक्त तयार होतं ते हाडातच, कंबरेच्या आणि छातीच्या हाडांतल्या लाल मज्जेत. मोठ्या माणसाचं मांडीचं हाड मोडलं तर एक ते दीड लिटर रक्त त्या मांडीतच साठतं, चादरीवर थेंब दिसत नाही. हे मी पुस्तकातून शिकले होते, पण कळलं एका लेकरामुळं. आधी त्याचं सांगते.

बरीच वर्षं झाली. दवाखान्याचं नाव घेत नाही. नऊ वर्षांचा पोरगा, बैलगाडीतून उतरताना गुडघ्यावर पडलेला. पहिल्या दिवशी आजीनं हळद-तेल लावून चोळलं. दुसऱ्या दिवशी हाडवैद्याकडं नेलं, त्यानं पाय ओढून बांबूच्या कामट्या बांधल्या.

इथं जरा थांबते. ज्यांच्या घरातलं कुणीच कधी हाडवैद्याकडं गेलेलं नाही, त्यांनी हात वर करा. (हशा) बघा, एकही नाही! मग त्या आजीला नावं ठेवायची नाहीत. हाडवैद्य गावात असतो, रात्री दार वाजवलं तर उठतो, नारळावर भागवतो. आपल्याकडं यायचं तर एसटी, रोज बुडणार, केसपेपरची रांग, आणि वर ‘इतके दिवस काय करत होता?’ हे आपलं ओरडणं. हे ओरडणं बंद करा. माणूस आधीच घाबरलेला असतो. ओरडलं की तो पुढचं सांगत नाही, आणि नेमकं तेच आपल्याला ऐकायचं असतं.

तर चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला पोरगं आमच्याकडं आलं. गुडघा भोपळ्यासारखा, कातडी ताणून चकाकत होती. पाय दुमडलेला, सरळ करू देईना. एक्स-रे काढला, हाड शाबूत. ‘मुका मार आहे, सकाळी बघू’ असं ठरलं आणि कमरेत दुखण्याचं इंजेक्शन लिहून दिलं. ते मी दिलं. माझ्या हातानं दिलं.

दीड वाजता त्याची माय उठून आली. “सिस्टर, आता कमरेतबी लई दुखायलंय म्हणतंय.” मी म्हटलं, सुई टोचली की दुखतंच, झोपव त्याला. ती गेली नाही. टेबलाशी उभी राहून हळूच म्हणाली, “माझ्या भावाचं असंच व्हायचं. दात पडला तर तीन दिवस उशी भिजायची. अठराव्या वर्षी गेला तो.”

मी धावले. सुईच्या जागी लिंबाएवढी गाठ. हात लावला तर गरम, टणक. बॉलपेननं तिच्याभोवती रेघ मारली आणि बाजूला वेळ लिहिली, १.४०. तीनला गाठ त्या रेघेच्या दोन बोटं बाहेर गेली होती. आमच्या मावशींकडं शिलाईची टेप होती, ती मागून घेतली. गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध पेननं खूण केली, म्हणजे प्रत्येक वेळी त्याच जागी मोजता येईल. दर तासाला गुडघा मोजून लिहीत गेले. डॉक्टरांना दोनदा उठवलं. दुसऱ्यांदा तो कागद समोर धरला तेव्हा त्यांनीही ओळखलं. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट गोठतच नाही असा आजार. सकाळी ॲम्ब्युलन्सनं मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथं फॅक्टर आठ, म्हणजे त्याच्या रक्तात कमी असलेलं रक्त गोठवणारं द्रव्य, मिळालं. पोरगं वाचलं. गुडघा मात्र पूर्ण सरळ कधीच झाला नाही.

आजी, हाडवैद्य, ओपीडीचे डॉक्टर, एक्स-रेवाले, आणि मी. पाच जणांनी त्या गुडघ्याला हात लावला. ‘बाई, तुझ्या माहेरी कुणाचं रक्त थांबत नव्हतं का?’ हे एकानंही विचारलं नाही. हा आजार आईकडून मुलाकडं येतो, म्हणून चौकशी मामाची करायची, मावशीच्या पोरांची करायची. आपल्या केसपेपरवर बापाचं नाव, बापाचा धंदा, सगळं असतं, मामासाठी एक ओळ नसते! ती ओळ तुम्ही हातानं लिहा. साधारण तिघांतल्या एकाच्या घरात आधी कुणालाच नसतं, हेही खरं. म्हणून दुसरा प्रश्न, दात पडला, सुंता झाली, लस टोचली तेव्हा रक्त किती वेळ चाललं?

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. कबूल केलेलं सगळं आता भराभर सांगते. लिहून घ्या.

हिमोफिलियाच्या रुग्णाला स्नायूत इंजेक्शन नाही, ॲस्पिरिन नाही, चोळणं-शेकणं नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. सांध्याला आराम, कापडात गुंडाळलेला बर्फ. फॅक्टर आठ किलोमागे एक युनिट दिलं की पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते, आणि आठ ते बारा तासांत निम्म्यावर येते. म्हणून पुढच्या डोसची वेळ चुकवायची नाही. ‘दुखायलंय’ म्हणाला की सूज दिसायची वाट बघू नका, सांध्यातलं रक्त त्याला आपल्याआधी कळतं.

आता किनवट-माहूरकडचं लेकरू घ्या. तसाच सांधा, तशीच सूज, पण आजार सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नळ्यांत अडकतात. त्याला बर्फ लावलात तर घात! गारठ्यानं पेशी आणखी अडकतात. त्याला ऊब, भरपूर पाणी, आणि वेळेवर वेदनाशामक. तरुण सिकलसेलवाला लंगडत आला तर खुब्याचं हाड रक्तावाचून मरत नाही ना, ते तपासायला सांगा. गुडघा एकच दिसतो, शुश्रूषा उलट. म्हणून म्हणते, हाडाला हात लावण्याआधी रक्त विचारा.

बीडची ऊसतोड करणारी बाई ट्रॉलीवरून पडून मांडी मोडून येते, हिमोग्लोबिन आधीच सात. तिच्या मांडीत लिटरभर रक्त गेलं तर मागं काय उरलं? नाडी दर पंधरा मिनिटांनी बघा, रक्तदाब उतरायची वाट बघू नका, तो उशिरा उतरतो.

रक्ताची पिशवी फ्रिजमधून काढल्यापासून अर्ध्या तासात सुरू, चार तासांत संपवायची. गरम पाण्यात बुडवायची नाही. सोबत फक्त नॉर्मल सलाईन. पहिली पंधरा मिनिटं रुग्णाजवळून हलायचं नाही. थंडी वाजली, कंबर दुखली, अंगावर गांधी उठल्या तर रक्त बंद, नवीन सेटनं सलाईन चालू, डॉक्टरांना हाक, आणि पिशवी फेकायची नाही, रक्तपेढीला परत पाठवायची.

हिमोफिलिया, थॅलेसेमिया (ज्यात जन्मापासून हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही), सिकलसेल हे तिन्ही २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत. आशाताई, प्रमाणपत्राचं तुम्हीच घरी जाऊन सांगा.

प्लास्टरचं राहिलं. बोटं रोज हलवायला लावा, नख दाबून सोडा, दोन सेकंदांत लाली परत यायला हवी. औषध देऊनही दुखणं वाढतंय, बोट नुसतं ताणलं तरी किंचाळतोय, तर पाय फुगून आतून आवळतोय. रात्री दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा, प्लास्टर कापायला लागेल. आणि ओलं प्लास्टर उचलताना बोटं रुतवू नका, खळगा पडतो, त्याच जागी आत जखम होते. दोन्ही तळहात पसरून, असं, लेकराला न्हाऊ घालताना धरतो तसं. मागच्यांना दिसत नसेल. चहाच्या वेळी व्हरांड्यात या, एकेकीच्या हातावर करून दाखवते.