खाऱ्या पाण्याची टाकी: मासे आणण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी तुमच्या घरी आली आहे असं समजा. घर नौपाड्यात असो की नेरूळमध्ये. वाळू आणि दगड धरले तर तिच्यात साधारण १५० लिटर पाणी मावतं. खारं पाणी भरलं, पंप सुरू केला, दुसऱ्या दिवशी पाणी आरपार नितळ झालं. घरातली मुलं विचारायला लागतात, मासे कधी आणायचे? नितळ पाणी बघून मासे आणले तर ते आठवड्याभरात दगावू शकतात. या पाण्यात काय कमी आहे, ते डोळ्यांना दिसत नाही.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. पुढे त्याचं काय करायचं हे काम जिवाणूंच्या दोन गटांचं. पहिला गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट माशांना बेताच्या प्रमाणात सोसतं आणि पाणी बदलून काढता येतं. नव्या टाकीत हे दोन्ही गट जवळजवळ नसतातच. ते वाढवणं यालाच सायकलिंग म्हणतात. साधारण चार ते सहा आठवडे धरून चाला.

ज्यांनी गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं गोल्डफिश सांभाळले, तेच इथे अनेकदा फसतात. ७ पीएचच्या पाण्यात अमोनियाचा बहुतेक भाग सौम्य रूपात राहतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि तिथे त्याच अमोनियातला विषारी भाग दहापटीहून जास्त होतो. पाणी तपासायच्या किटवर आकडा तोच दिसतो, पण माशाला बसणारा फटका वेगळा असतो.

आता पाणी. ठाण्याची खाडी हाकेच्या अंतरावर आहे म्हणून तिथलं पाणी आणायचा विचार मनात येऊ देऊ नका. तिच्यात सांडपाणी उतरतं, गाळ असतो आणि पावसाळ्यात तिचा खारेपणा खाली येतो. नळाचं पाणीही नको, मग ते मोरबे धरणाचं असलं तरी. पिण्यासाठी ते उत्तम, पण त्यात क्लोरीन असतं आणि क्लोरीन जिवाणू मारायलाच घातलेलं असतं. बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी तर सोडूनच द्या. स्वयंपाकघरातला आरओ बहुधा चवीसाठी थोडे क्षार परत सोडतो, त्यामुळे तोही पुरत नाही. आरओच्या पुढे डीआयचा, म्हणजे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या फिल्टरचा टप्पा हवा आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं.

मीठ मत्स्यालयासाठी बनवलेलं सागरी मिश्रणच घ्या. खायचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नाही. एका लिटरला साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे १५० लिटरला साडेपाच किलो. वेगळ्या ड्रममध्ये आधी पाणी, मग पंप चालू ठेवून थोडं थोडं मीठ. उलट केलंत, मिठावर पाणी ओतलंत, तर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. चोवीस तास फिरू द्या, मग रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारेपणा मोजायच्या उपकरणाने मोजा: घनता १.०२५ ते १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार असलेल्या द्रावणावर जुळवून घ्या. साध्या पाण्यावर शून्य जुळवलेलं उपकरण वरच्या टोकाला चुकू शकतं.

दगड १५ ते २० किलो आणि कोरडेच, मत्स्यालयासाठी विकले जाणारे. प्रवाळाचे तुकडे, मेलेले असले तरी, किनाऱ्यावरून उचलू नका आणि कुणी गुपचूप विकत असेल तर घेऊ नका. खडक बांधणारी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. आपल्या हौसेपायी समुद्राचा एक कणही ओरबाडला जाऊ नये.

जिवाणू पाण्यात तरंगत राहत नाहीत, ते दगडाला, वाळूला, स्पंजला चिकटून वाढतात. त्यामुळे जुन्या टाकीतलं बादलीभर पाणी आणून ओतलं तर फारसं काही साधत नाही. जुन्या टाकीतला एखादा दगड किंवा फिल्टरचा स्पंज मात्र खरोखर वेळ वाचवतो. अट एकच, त्या टाकीत रोग नसावा आणि तांब्याचं औषध कधी पडलेलं नसावं. बाटलीतले जिवाणूही चालतात. मुदत बघा, आणि ती बाटली मे महिन्याच्या उन्हात कुठे पडून नव्हती ना, तेही विचारा. ओतल्यावर दोन-तीन दिवस स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, आणि जंतू मारणारा यूव्ही दिवा बंद ठेवा.

आता जिवाणूंचं खाणं. अनेक जण सोललेली कोळंबी टाकून कुजू देतात. तशी टाकी सायकल होते, पण अमोनिया किती चढेल यावर आपला हात राहत नाही. ५ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत पाच भागांच्या वर गेला तर जिवाणूच मंदावतात आणि घरात वास सुटतो तो वेगळा. त्यापेक्षा अमोनियम क्लोराइड वापरा, म्हणजेच आपला नवसागर, कल्हईवाला भांड्याला लावतो तोच. मात्र कल्हईच्या नवसागरात भेसळ असू शकते, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. आकडा लिहून घ्या: १०० लिटरला ०.६ ग्रॅम घातला की अमोनिया सुमारे २ पीपीएम होतो. आपल्या १५० लिटरला ०.९ ग्रॅम. त्यासाठी सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा लागेल, चमचा चालणार नाही.

पहिले काही दिवस आकडा हलतच नाही. घाबरून आणखी घालू नका. मग अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं. २ पीपीएम अमोनियातून ५ पीपीएमहून जास्त नायट्राइट बनू शकतं, म्हणून अमोनिया शून्यावर आला की पुढचा डोस निम्माच द्या आणि नायट्राइट घसरेपर्यंत निम्म्यावरच राहा. दुसरा गट हळू वाढतो, पंधरा दिवस ताटकळत ठेवतो. या काळात नायट्रेटच्या चाचणीवर विसंबू नका, नायट्राइट जास्त असेल तर ती फुगलेला आकडा दाखवते.

चाचणीची नळी पांढऱ्या कागदासमोर धरून खिडकीच्या उजेडात बघा. अमोनियाच्या बहुतेक किटमध्ये पिवळा म्हणजे शून्य आणि हिरवट छटा म्हणजे अमोनिया आहे. बल्बच्या पिवळ्या उजेडात ही हिरवट छटा हरवते आणि तिथेच चूक होते. ज्या रसायनाच्या बाटलीत तळाला साका बसतो, ती अर्धा मिनिट जोरात हलवल्याशिवाय थेंब टाकू नका.

नायट्राइट आठवडेच्या आठवडे हलेना, तर केएच, म्हणजे पाण्याची क्षारता मोजा; तिचं एकक डीकेएच. जिवाणू अमोनिया पचवताना पाण्यातली क्षारता खातात. २ पीपीएम अमोनियामागे जवळपास ०.७ डीकेएच जाते. ती ६ च्या खाली गेली असेल तर खायचा सोडा वापरा. १५० लिटरला ४.५ ग्रॅम घातला की १ डीकेएच वाढते. डीआय पाण्यात विरघळवून हळूहळू ओता. बेकिंग पावडर नव्हे, साधा सोडा.

आपल्याकडे हीटरपेक्षा उकाड्याची काळजी जास्त. पाणी २५ ते २७ अंशांवर हवं. उन्हाळ्यात बंद खोलीत ते ३१ च्या पुढे जातं. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतं, पण रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जातं. मीठ मागेच राहतं. ही तूट बिनमिठाच्या डीआय पाण्याने रोज भरा. आठवडाभर विसरलात तर ३५ चा खारेपणा ४० कडे जातो. वीज गेली तर जिवाणूंनाही प्राणवायू लागतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप आधीच घेऊन ठेवा. सम्प, म्हणजे टाकीखाली ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी असेल, तर पंप बंद करून एकदा बघा, उलटं येणारं पाणी सम्पमध्ये मावतंय का. नाहीतर मध्यरात्री खालच्या मजल्यावरून फोन येईल. दिवे मात्र या दिवसांत बंदच ठेवा, शेवाळ कमी धरेल.

सायकल झाली की नाही याची कसोटी एकच. पुन्हा पूर्ण ०.९ ग्रॅम घाला. चोवीस तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आलं, तर टाकी तयार. एक शून्य आणि दुसरं अजून रंग दाखवतंय, तर थांबा. तयार टाकीत नायट्रेट ३० पीपीएमच्या आसपास साचलेलं असेल. निम्मं पाणी बदला म्हणजे ते १५ वर येईल. नवं पाणी त्याच तापमानाचं आणि त्याच खारेपणाचं हवं.

त्यानंतर क्लाउनफिशची एक जोडी आणा, समुद्रातून पकडलेली नव्हे, मत्स्यालयात पैदास केलेली. पहिला आठवडा रोज अमोनिया तपासा आणि खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच घाला. पुढचा मासा तीन-चार आठवड्यांनी. आणि सायकल पुरी झाल्यावर मासे मिळायला उशीर होत असेल, तर दर दोन-तीन दिवसांनी ०.४ ग्रॅम नवसागर घालत राहा. जोडी येण्याच्या आदल्या दिवशी तो बंद करा आणि अमोनिया शून्य आहे हे पाहूनच त्यांना सोडा.