पोपट नव्या घरी रुळताना

नमस्कार श्रोतेहो. घरात पोपट आल्याची बातमी कोल्हापुरातल्या गल्लीत तासाभरात पसरते. मुले धावत येतात, पिंजऱ्याच्या गजांतून बोटे आत जातात आणि 'मिठू, मिठू' अशा हाकांनी सोपा भरून जातो. हे सारे प्रेमापोटी होते. परंतु ज्या पाखराचे कालपर्यंतचे घर, ओळखीचे आवाज आणि रोजची माणसे एका दिवसात सुटली, त्याला ही गर्दी संकटासारखीच भासते. म्हणून पहिला आठवडा तरी पाहुण्यांना नम्रपणे थांबवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपल्याकडचा हिरवा, लाल चोचीचा राघू १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरी पाळता येत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मी बोलणार आहे ते मूळच्या ऑस्ट्रेलियातील कोकाटील या डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटाविषयी, ज्याला आपल्या बाजारात सरसकट 'कॉकटेल' म्हणतात. हा पक्षी पंधरा-वीस वर्षे जगू शकतो. तेवढ्या काळात मालकाची बदली होते, घरात आजारपण येते आणि पाखराला दुसरे घर शोधावे लागते.

असे पाखरू आणताना त्याचा जुना पिंजरा, जुनी दांडी आणि रोजचे खाणेही मागून घ्यावे. घर बदलले तरी निदान बसायची जागा आणि वाटीतला दाणा तोच राहतो. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागलेली असावी, म्हणजे पाठीमागून कोणी येण्याची धास्ती राहत नाही. दुपारचे ऊन थेट पडेल किंवा पावसाळ्यात झड आत येईल, अशी खिडकी टाळावी.

स्वयंपाकघराविषयी मात्र जरा सविस्तर बोलले पाहिजे. पक्ष्यांची श्वसनसंस्था अतिशय नाजूक असते. न चिकटणारा तवा रिकामाच फार तापला, तर त्याच्या लेपातून निघणारी वाफ पाखराचा जीव घेऊ शकते. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना मिरची भाजतात, तेव्हा ठसका आपल्यालाही लागतो; त्या दिवशी पिंजरा घराच्या दुसऱ्या टोकाला, मोकळ्या हवेत न्यावा. गंमत अशी की, मिरची खाताना पक्ष्याला ती तिखट लागतच नाही, कारण तिच्यातील कॅप्सेसीनची जाणीव पक्ष्यांना होत नाही. धुराचे तसे नाही.

पहिले काही दिवस त्याला शिकवायचे काहीच नसते. पिंजऱ्यापासून चार-पाच हातांवर बसावे, वर्तमानपत्र हलक्या आवाजात वाचावे आणि उठून जावे. आमच्याकडे आलेल्या कोकाटीलने पहिले दोन दिवस कोणासमोर दाणा टिपला नाही. खोली रिकामी झाली की मात्र वाटीचा आवाज येई. तो आवाज ऐकण्यासाठी घरातली सगळी माणसे दाराआड श्वास रोखून उभी राहत. पाखरू असे लपून खात असेल, तर धीर धरावा. परंतु दिवसभर काहीच खाल्ले नाही किंवा पिसे फुगवून ते पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहिले, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे. आजार लपवणे हा पक्ष्यांचा स्वभाव आहे, त्यामुळे लक्षण दिसते तोवर दुखणे बरेच पुढे गेलेले असते.

त्याच्या मनातले आपल्याला तुरा सांगतो. तुरा डोक्याला चिकटलेला आणि तोंडातून फुत्कार, म्हणजे जवळ येऊ नका. तुरा सैल, अर्धवट पडलेला, म्हणजे जीव निवांत आहे. अशा निवांत वेळी राळ्याचे कणीस गजांतून समोर धरावे. हात वरून कधीही नेऊ नये, कारण पाखराच्या लेखी वरून झडप घालते ती घार. हातातले कणीस ते न घाबरता खाऊ लागले, म्हणजे मग पिंजऱ्याचे दार उघडण्याचा विचार करावा. त्याआधी छताचा पंखा बंद करावा, खिडक्या लावून पडदे ओढावेत आणि आरसा झाकावा.

रात्री त्याला दहा-बारा तास शांतता हवी. कोकाटील अंधारात दचकून पंख आपटतो, म्हणून पिंजऱ्यावर कापड घातले तरी एक बाजू उघडी ठेवून मंद दिवा असू द्यावा. एखाद्या रात्री त्या कापडामागून चोच चोचीवर घासल्याचा बारीक करकर आवाज येईल. झोपेला आलेला, निर्धास्त झालेला पोपट असा आवाज करतो. तेव्हा कापड वर करून पाहू नये.